मख्खकाकांचे उरलेले व्हिडिओ

२ मार्च, रविवार

टाकला एकदाचा! ह्यांचा खुर्चीवाला व्हिडिओ — घडीची खुर्ची उघडता उघडता माणूसच तिच्यात घडी होऊन अडकतो, आणि चेहरा मात्र मख्ख. हे जाऊन दोन महिने झाले. तरी दर रविवारी व्हिडिओ येतोय, म्हणून लोकांना वाटतं मख्खकाका ठणठणीत आहेत. खाली कोणी लिहितं, 'काका, हसून पोट दुखलं!' मी ह्यांच्या नावाने लाइकचा अंगठा देते.

फोनमध्ये अजून तीन उरलेत. चौथाही आहे, पण काळाकुट्ट — खिशात चुकून चालू झाला असणार.

५ मार्च

लेक चिडली. "आई, लोकांना खरं सांगून टाक ना. बरं नाही दिसत हे." एकदा सांगितलं की मग हे खरंच गेले! कळतंय गं मला, पण वळत नाही.

९ मार्च, रविवार

मोजपट्टीवाला टाकला. पट्टी सर्रकन परत येऊन नाकावर बसते, आणि हे शांतपणे कानामागची पेन्सिल काढून नाकाचं माप लिहून घेतात. मागे माझं खिदळणं. फोन मीच धरायचे. प्रत्येक व्हिडिओत मी हसतेय, हे एकदाही नाही. जो हसला तो हरला, हा ह्यांचा नियम.

आज पाहता पाहता लक्षात आलं — ह्यांचं हसणं मला आठवत नाहीये.

११ मार्च

ह्यांनी आवाजात पाठवलेले सगळे निरोप ऐकले. 'खुर्ची पोचवून येतो.' 'किल्ली शेजारी ठेवलीय.' 'जेवून घे, माझी वाट बघू नकोस.' एकात हसू असेल तर शपथ! मग नणंदेला फोन केला. "दादा हसायचा गं, हसायचा की... पण कसा ते... थांब हं... नाही बाई आठवत." सख्खी बहीण! पण तिला काय बोलू? तीस वर्षं संसार मी केला.

१६ मार्च, रविवार

शिडीवाला. मध्ये दोनदा खोकतात. लोक म्हणे, खोकल्याचा अभिनय काय झकास! फोन पालथा ठेवला.

२३ मार्च, रविवार

शेवटचा टाकला. संपलं सगळं. पुढच्या रविवारी काय, विचारच करवत नाही.

२४ मार्च

तो काळा व्हिडिओ पुसायला घेतला. पुसण्याआधी सहज चालवला. काळं म्हणजे कॅमेऱ्यावर आलेला ह्यांचा अंगठा होता. तो सरकला — आणि समोर मी! उशी हनुवटीखाली दाबून अभ्रा चढवतेय, चढत नाही म्हणून उशीलाच फडाफडा बोलतेय. पलंगावर रिपोर्टचं पाकीट. म्हणजे तो दिवस! डॉक्टरकडून आलो आणि दिवसभर एकमेकांशी अवाक्षर बोललो नाही, तोच.

आणि फोनमागे हे हसतायत. आधी नाकातून, मग तोंड दाबून, मग आवरेनाच. शेवटी धापा टाकत स्वतःशीच म्हणतात, "हरलो बाई, हरलो."