मिरी कुठे बघते

४ नोव्हेंबर

ती. मामास,
सा. न. वि. वि.

मिरीबद्दल लिहायचं आहे आणि बाबांना न सांगता लिहिते आहे. उत्तर मी शिकवते त्या शाळेच्या पत्त्यावर पाठवा.

बाबांचं म्हणणं, तुम्ही तयार करून दिलेली ही कुत्री शिकार खाते. हंगाम लागल्यापासून ते दर रविवारी तिला घेऊन तळ्यावर जातात. बार काढतात, बदक पडतं, मिरीला आणायला पाठवतात आणि ती लव्हाळ्यातून रिकाम्या तोंडाने परत येते. आधी त्यांचा संशय पलीकडच्या काठावर लव्हाळे कापणाऱ्या माणसावर होता. काहीतरी निमित्त काढून ते त्याच्या स्वयंपाकघरात डोकावून आले. भांड्यात बटाटे निघाले. तेव्हापासून संशय मिरीवर. संध्याकाळी ती ताटलीतलं अर्धं तसंच ठेवते. पोट भरलेलं असल्याशिवाय कुत्रं ताटली सोडतं का, असं ते आईला विचारतात. आई उत्तर न देता आत जाते, हे मला खटकतं.

तुमच्यावरही शिंतोडे आहेत. मेहुण्याने खोटं नाणं गळ्यात मारलं, असं बाबा म्हणतात. शिकारीची चव लागलेलं कुत्रं सुधारत नाही, असंही म्हणतात. येत्या रविवारी शेवटचं बघणार आहेत. सोमवारी गुरांचे डॉक्टर सुई घेऊन येतील, तसा निरोप गेला आहे.

बाकी ठीक. बाबांचं सुतारकाम चालू आहे, पण हल्ली त्यांच्या कपाटांचे खण अडकतात. लाकूडवाला मुद्दाम ओलं लाकूड देतो म्हणून त्याच्याशी बोलणं बंद आहे. मिरी माझ्या पायाशी झोपली आहे. तिला काही माहीत नाही.

उत्तराची वाट बघणारी,
टिटवी


६ नोव्हेंबर

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

तुझी टिवटिव पोचली. भावोजींनी खोटं नाणं मिरीला म्हटलं, मला नाही, एवढ्यावर समाधान मानतो.

मिरी कच्चं अंडं तोंडात धरून माझ्या घराचा जिना चढायची. ते अंडं वर आल्यावर मी फोडून खायचो, तिने कधी फोडलं नाही. पक्ष्यांना भुलवायला भावोजी पाण्यावर लाकडी बदकं सोडतात ना, त्यांनाही ती तोंड लावणार नाही. त्यासाठी तिने माझी पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत. तरी लांब बसून शपथ घेत नाही. कुत्रं बिघडूही शकतं. तेव्हा तूच बघ.

रविवारी काहीही सबब सांगून त्यांच्याबरोबर जा. बार झाला की पक्ष्याकडे बघू नकोस, भावोजींकडेही नको. मिरीच्या डोक्याकडे बघ. पक्षी पडला तर तिचं डोकं त्याच्याबरोबर खाली येतं आणि तो पडला त्या जागी खिळून राहतं. हे मी तिला शिकवलेलं सगळ्यात अवघड काम. ते ती विसरली असेल तर भावोजी खरे.

ताईला सरळ विचार, दुपारी कुत्रीला काय घालते. लहानपणी ती मांजराला चोरून घालायची आणि वर भोळा चेहरा करायची.

खण अडकतात, हे वाचून मी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. त्यावर आत्ता काही लिहीत नाही.

तुझा,
मामा


१० नोव्हेंबर

ती. मामास,
सा. न. वि. वि.

आई दुपारी तिला दुधात भिजवलेला पाव घालते. आधी नाही म्हणाली. मग म्हणाली, एवढासाच.

आज तळ्यावर गेले होते. ताजी हवा हवी, असं सांगितलं. बाबा म्हणाले, मामाने हेर पाठवला वाटतं.

पहिला बार झाला तेव्हा मी मिरीकडे बघत होते. तिचं डोकं वर गेलं, हळूहळू वळत गेलं आणि पलीकडच्या झाडांच्या शेंड्यांशी थांबलं. खाली आलंच नाही. बाबा म्हणाले, पडलं, लव्हाळ्यात पडलं. मिरीने त्यांच्याकडे बघितलं आणि बसून राहिली. त्यांनी पुन्हा हुकूम केला तेव्हा ती पाण्यात उतरली. ते मला म्हणाले, बघ कशी रेंगाळते, आत खात असणार. मी झाडांकडे बघितलं. बदक अजून उडताना दिसत होतं.

दुसऱ्या बाराला तेच. बाबांनी ज्या जागेकडे बोट दाखवलं, तिथे काहीच नव्हतं. बोट मात्र जराही हललं नाही.

मग बराच वेळ पक्षी आला नाही. एकदम त्यांनी मला गप्प राहायची खूण केली आणि पाण्यावर बार काढला. मिरीचं डोकं खाली होतं, समोर खिळलेलं. ती हुकमाआधीच उठली, जाऊन आली आणि तोंडातलं बाबांच्या हातात दिलं. त्यांनीच कोरलेलं लाकडी बदक होतं.

मामा, बाबांना दिसत नाही.

त्यांनी ते हातात फिरवलं. अंगठा पाठीवरून, मग पोटावरून. मला वाटलं होतं मिरीला मारतील. ते बदक पिशवीत घालून घरी जाऊ म्हणाले. वाटेत मी पुढे चालले आणि ते माझ्या पायांच्या आवाजावर येत होते, हे मला आज कळलं. आईने विचारलं तेव्हा म्हणाले, एक मिळालं. आईने पिशवी उघडली, हसली, मग हसायची थांबली.

डॉक्टरांना त्यांनी अजून येऊ नका म्हटलेलं नाही. विचारायची माझी हिंमत होत नाही.

तुमची,
टिटवी


१३ नोव्हेंबर

रा. रा. मेहुणेबुवांस,
स. न. वि. वि.

सोमवारी गुरांचे डॉक्टर येऊन गेले. मी त्यांना मिरीचे दात बघायला सांगितलं, त्यांनी ते बघितले, चहा प्यायले. जाताना म्हणाले, यजमानांनीही एका डॉक्टरकडे जावं. आगाऊ माणूस आहे. तरी शुक्रवारी जातो आहे.

लाकडी बदकाला शिवायचं नाही, हे तुम्ही तिला शिकवलं होतं. ते तिने मोडलं. मीही तिला आणायला दुसरं काही पाडून दिलं नव्हतं. बदकात छर्रे कुठे कुठे बसलेत ते बोटाला लागलं. दाताचा व्रण कुठेच नाही. कुत्रीत दोष नाही, एवढं लेखी देतो. लाकूडवाल्याचं अजून ठरायचं आहे.

बंदूक घेऊन जा. मिरीलाही न्या, हंगाम अजून आहे, तिला खरोखर पडणारे पक्षी दाखवा. नंतर परत पाठवा. तीच पाठवा. दिसत नाही म्हणून दुसरी काळी कुत्री खपवाल, तर मी तिच्या तोंडात अंडं देऊन बघेन.

हे मी सांगतो आहे आणि तुमची टिटवी लिहिते आहे. मी सांगतो तेच लिहिते का, हे कळायला मार्ग नाही. मधे एकदा थांबली होती. विचारलं तर म्हणाली, पेन अडलं.

लोभ आहे तेवढा राहू द्या, संशयाचं माझं मी बघतो. खालची सही मी स्वतः केली आहे. ओळीवर आली आहे, असं ती म्हणते.