दुसरी कुंडी

२५ ऑगस्ट २०२४, वेरिबी, मेलबर्न
आईंनी आज माझ्या प्रिम्युलाची पानं पुसली! ओल्या फडक्याने, एकेक करून. "पिठ्या ढेकूण पडलाय गं मेधा, मेलं काही दिसत नाही तुला." कीड नाही ती! या झाडाला खालून पांढरी भुकटी असतेच. आल्प्सच्या माथ्यावर, पार आर्क्टिकच्या कडेला उगवणारं झाड. तेवढंच त्याचं पांघरूण. प्रताप म्हणे, "चिल, परत येईल." स्वतःच्या आईला एक शब्द नाही.
सासूबाई फेब्रुवारीपर्यंत आहेत. फेब्रुवारी!

८ सप्टेंबर
होबार्टहून माझ्या जुन्या सुपरवायझरचा मेल. त्यांच्याकडची सगळी झाडं मेली. माझ्याकडच्या झाडांचं ताजं बी मिळालं, तर मार्चपासून पीएचडी जिथे सोडली तिथून सुरू करता येईल.
जिथे सोडली! सोडली म्हणजे काय, सोडायला लागली. प्रतापला मेलबर्नमध्ये जॉब लागला आणि मी सामान बांधलं. तीन वर्षं नर्सरीच्या काउंटरवर उभी आहे. ट्रे भरभरून ढोबळ, रंगीत प्रिम्युला विकते. लोक महिनाभर ठेवतात आणि फेकून देतात.
घरच्या वीस रोपांतली दोन उरलीत. येता उन्हाळा ती काढणार नाहीत. बी धरायला हवं ते आत्ताच.

२२ सप्टेंबर
दोन्हींना कळ्या! देवाची कृपा म्हणजे दोन्हींची फुलं वेगळ्या घडणीची आहेत. एकीच्या फुलात पराग तोंडाशी, दुसरीच्या फुलात मधली काडी तोंडाशी. एकसारख्या दोघींचं जमत नाही, वेगळ्याच लागतात. पहिल्या कुंडीला एकच दांडा आहे. एकच संधी.
बियांचं पाकीट आधीच लिहून ठेवलं. झाड, तारीख, परागीकरण कोणी केलं. शेवटच्या रकान्यात माझं नाव. उतावळी म्हणा हवं तर.
आईंचं जेवताना गच्चीतल्या दुधीचं पुराण. हूं हूं केलं.

१ ऑक्टोबर
पहिली कुंडी फुलली. जांभळट गुलाबी, मध्ये पिवळा ठिपका. दुसरी एक-दोन दिवसांत. शनिवारी सुट्टी आहे, तेव्हा ब्रशने पहिलीचे पराग दुसरीला लावीन.

३ ऑक्टोबर
घटस्थापना. शिफ्टवरून आले तर दुसरी कुंडी फुललेली आणि पहिलीचा दांडा गायब! देव्हाऱ्यात, देवीच्या पायाशी. हळदकुंकू वाहिलेलं. ब्रश फिरवून पाहिला. परागाचा एक कण नाही. पाण्याने धुऊन गेला असणार.
मग मी बोलले. "सकाळी उठून दिसेल ते फूल खुडायचं, ही कसली भक्ती? आधी तुमच्या मुलापायी माझी डिग्री गेली, आता तुमच्यापायी हे. आलात कशाला?"
"अगं ऐक तरी, त्या दुसऱ्या कुंडीला—"
"त्या कुंडीला हात लावायचा नाही!"
प्रताप फोनमध्ये बघत बसला. मी जेवले नाही. आईही नाहीत, असं तो म्हणाला.

६ ऑक्टोबर
घरात कोणी कोणाशी बोलत नाही. आज आई दुसऱ्या कुंडीला पाणी घालताना दिसल्या. बघवलं नाही. उचलून गराजमागे ठेवून आले.

१२ ऑक्टोबर
दसरा. आईंनी तिकीट अलीकडचं करून घेतलंय. "करमत नाही रे इथे," असं प्रतापला सांगितलं. मी तिथेच भाजी चिरत होते.

२० ऑक्टोबर
गेल्या. एअरपोर्टवर नमस्कार केला. पाठीवर हात ठेवला त्यांनी, मी पटकन सरळ झाले.
खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

१० नोव्हेंबर
होबार्टला कळवलं, बी नाही. उत्तर आलं: "नो वरीज, मेधा."
नो वरीज!

१५ डिसेंबर
चाळीस डिग्री. दुपारी आईंचा फोन. प्रताप बाथरूममध्ये, म्हणून मीच उचलला.
"मेधा, त्या दुसऱ्या कुंडीला धरलं का गं काही? एकीच्या फुलात पिवळी भुकटी वर, दुसरीच्या फुलात काडी वर. म्हटलं, नर-मादीच असणार, आपल्या दुधीसारखं. मी ते फूल खुडून हिच्या फुलांवर चांगलं घासलं, मग देवीला वाहिलं. सांगत होते त्या दिवशी, तू बोलू कुठे दिलंस!"
हसत होत्या. राग नव्हता.
अनवाणी धावले गराजमागे. झाड केव्हाच वाळलेलं. वाळक्या दांड्यावर पाच बोंडं. आत बी, खसखशीहून बारीक.
पाकीट काढलं. शेवटच्या रकान्यातलं माझं नाव खोडून आईंचं लिहिलं: रेखा विश्राम सबनीस.
तारीख ३ ऑक्टोबर.