‘प्रजू’ असलेली सगळी पत्रं

६ सप्टेंबर १९९९

आज चार. सकाळी ऑफिसात कंपनीची ई-मेल उतरवायला बसले. लाईन दोनदा तुटली. तिसऱ्यांदा लागली, तर ऑर्डरीच्या आधी ह्याचीच चार पत्रं. प्रशांतची. त्याचं घर सोडून मला दोन वर्षं झाली, तो अमेरिकेत कॉम्प्युटरच्या कामाला गेला, तरी सुटका नाही. आमचा पत्ता कंपनीच्या कॅटलॉगवर छापलाय. तो बदलता येत नाही. नोकरीही सोडता येत नाही.

पहिल्या पत्रात माफी. चौथ्यात — ‘प्रजू, तुला नांदायला यावंच लागेल.’

९ सप्टेंबर

सात. साहेबांनी माझ्या मागे उभं राहून वाचलं. मग फक्त ऑर्डरी किती आल्या ते विचारलं. तेच जास्त लागलं.

१३ सप्टेंबर

घरी सांगितलं. आण्णा म्हणाले, वाचून तर बघ, माणूस पस्तावला असेल, चार लोक मला विचारतात. माझ्या भुवईवरचे टाके त्यांनीच तर दवाखान्यात नेऊन घालून आणले होते!

आई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "पत्र आलं म्हंजी घरात घ्यायलाच पायजे, आसं कुठं हाय?"

१४ सप्टेंबर

सापडलं! मेलच्या प्रोग्रॅममध्येच ‘ब्लॉक सेंडर’ म्हणून आहे. एखाद्याचा पत्ता त्यात टाकला की त्याचं पत्र समोर येत नाही, परस्पर कचऱ्याच्या फोल्डरात जातं. टाकला. आणि चोरी केल्यासारखा प्रोग्रॅम पटकन बंद केला.

१५ सप्टेंबर

एकही नाही.

२० सप्टेंबर

पण ती येतातच. कचऱ्यात न वाचलेली पडून असतात. एकोणीस झाली. दुपारी एक उघडलं — मीच. कुणी बळजबरी केली नव्हती. जेवण गेलं नाही.

२८ सप्टेंबर

त्याने नवा पत्ता काढला. अडवला. संध्याकाळी आणखी एक. फुकट मिळतात पत्ते, शंभर काढेल. मी किती अडवू?

१ ऑक्टोबर

आता पत्ता बघायचाच नाही. नियम केला — ज्या पत्रात ‘प्रजू’ हा शब्द असेल ते थेट कचऱ्यात, आणि प्रोग्रॅम बंद करताना कचराही आपोआप रिकामा. म्हणजे मला उघडायला काही उरायलाच नको. आईआण्णा मला प्रज्ञा म्हणतात, ऑफिसात मॅडम. प्रजू म्हणणारा तो एकटाच, आणि ओळीओळीला लिहितो.

१९ ऑक्टोबर

अठरा दिवस झाले. साहेब खूश, समोर फक्त ऑर्डरी दिसतात. मी मात्र लाईन लागेपर्यंत श्वास धरून बसते. तो काय लिहितोय ते आता कळत नाही. इकडे यायला निघाला असला तरी कळणार नाही. एमआयडीसीच्या स्टॉपवर सारखी मागे वळून बघते. कालची बस त्यातच चुकली.

२ नोव्हेंबर

अनोळखी पत्ता. बाईचं नाव — सायली. त्याचीच नवी युक्ती वाटली, अडवणारच होते. मग वाचलं.

‘ताई, यांच्या कॉम्प्युटरवर तुम्हाला लिहिलेली पत्रं दिसली, त्यात तुमचा पत्ता मिळाला. मी प्रशांतची बायको. लग्न ठरवताना आम्हाला सांगितलं होतं, पहिली वारली. तुम्ही कशा सुटलात?’

उत्तर लिहायला घेतलं. पहिली ओळ — मी जिवंत आहे.