बंद केलेला भोंगा

९ मार्च, रविवार

प्रिय वहिनी,

नमस्कार. मी बरा आहे. तुम्ही आणि छकुली तिकडे मामाकडे रुळला असाल. तिला नवी शाळा मानवली का? एखादी भांडकुदळ मैत्रीण मिळाली की रमेल, बापाच्या वळणावर गेली आहे.

घर अधूनमधून उघडून झाडतो. खिडकीतलं झाड मात्र जगवता आलं नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, पाणी जास्त झालं. माझं सगळं असंच, एकतर अजिबात नाही, नाहीतर जास्त.

कारखाना चालू आहे. सिलिकॉनच्या चकत्यांवर धातूचा थर चढतोय, मी त्याची जाडी मोजतोय. दादाच्या खुर्चीवर कुणी बसत नाही. नवा इंजिनियर आला, तोही उभ्यानेच काम करतो.

वहिनी, हे सगळं लिहीत बसलोय, कारण खरं लिहायचं ते हातातून उतरत नाही.

दादा गेला तेव्हा कारखान्याच्या साहेबांनी तुम्हाला जे सांगितलं ते खरं आहे. थर चढवायचं चेंबर, म्हणजे माणूस आत उतरेल एवढी बंद टाकी, उघडून आतले पत्रे बदलायचं काम चाललं होतं. काडी, आमचा ऑपरेटर, आत वाकला आणि कोसळला. तिथे वापरायचा आरगॉन वायू गळून तळाशी साचला होता. त्याला रंग नाही, वास नाही. आत डोकं घातलं की माणूस दोन श्वासांत आडवा. दादाने ते ओळखलं, तरी आत उतरला, काडीला बाहेर ढकललं आणि स्वतः तिथेच राहिला. यातला शब्दन् शब्द खरा आहे.

पण साहेबांनी पुढे जोडलं, की काडीने व्हॉल्व्ह नीट बंद केला नव्हता. ते खोटं आहे. व्हॉल्व्ह बंदच होता, आतून झिजला होता. आणि हवेतला प्राणवायू कमी झाला की वाजणारा भोंगा त्या दिवशी वाजला नाही, कारण तो बंद करून ठेवला होता. दादानेच.

मला माहीत होतं. जेवताना तोच म्हणाला होता, "हा भोंगा ऊठसूट बोंबलतो रे. दर वेळी काम थांबतं, अख्खी बॅच भंगारात जाते, आणि वरचे माझं डोकं खातात."

मी म्हटलं, "मग नवा सेन्सर येईपर्यंत यंत्र बंद ठेव."

तो हसला. "तू थराची जाडी मोज, माझ्या अकलेची नको."

आपला दादा. अडला की विनोद करायचा.

काडीला कामावरून काढणार होते. तो मला फाटकाबाहेर भेटला. त्याला त्या दिवसाचं काहीच आठवत नाही. म्हणाला, "साहेब, तुम्हीच सांगा. मी खरंच व्हॉल्व्ह उघडा ठेवला होता का? तुमच्या भावाला मीच मारलं का?" त्याची बायको बाजूला उभी होती. ती त्याला दंडाला धरून घेऊन गेली, आजाऱ्याला नेतात तशी.

परवा चौकशी होती. मी सगळं सांगितलं. भोंगा कुणी बंद केला, कुणाच्या धाकाने केला, आणि शेजारच्या चेंबरचा भोंगाही अजून बंदच आहे, हेसुद्धा. साहेब म्हणाले, "अहो, सख्खा भाऊ ना तुमचा?" मी म्हटलं, "हो, म्हणून तर."

दोन्ही चेंबर सध्या बंद आहेत. काडीवरचा ठपका निघाला. दिवाणखान्यात लावायला तुम्हाला दादाचं जे मानपत्र पाठवणार होते, ते आता येणार नाही. मलाही दुसरीकडे काम बघायला सांगितलंय.

तुम्हाला आधी विचारायला हवं होतं. पण तुम्ही नको म्हणाला असतात, आणि मी ऐकलं असतं.

छकुलीला एवढ्यात काही सांगू नका. मोठी होऊन तिने विचारलं, तर दोन्ही सांगा. एक सांगून दुसरं झाकू नका. बाप शूर होता, आणि चुकला होता. मला हे दोन्ही एका दमात म्हणता येत नाही. तुम्हाला कदाचित जमेल.

उत्तर लिहा असं म्हणायचा हक्क मला उरलाय का, ठाऊक नाही. तुम्ही भाऊजी म्हणणं सोडलंत तरी,

तुमचाच,
धाकटा दीर