मोज्यांच्या प्रश्नाला पैकीच्या पैकी

३ जानेवारी
दोन्ही घोट्यांचे सांधे झिजलेत. पुढच्या आठवड्यात उजव्याचं ऑपरेशन. त्याचा फायदा दिसला तरच डावा करायचा, असं डॉक्टर म्हणतात. नर्सने प्रश्नावली दिली. शंभरपैकी मार्क, जितके जास्त तितका पाय चांगला. उत्तरं पेशंटनेच द्यायची, घरच्यांना विचारायचं नाही, असं तिने बजावलं. ही काहीतरी बोलणार होती, तिला पाणी आणायला पाठवलं.
हेडमास्तर म्हणून जन्मभर दुसऱ्यांचे पेपर तपासले. आज स्वतः बसलो.
जिना चढताना त्रास? अजिबात नाही. (घर तळमजल्यावर आहे.) मोजे घालताना? अजिबात नाही. मोजे ही घालते, तिची तक्रार नाही. चालताना दुखतं? चालणं सोडल्यापासून अजिबात नाही.
शंभरपैकी शंभर. नर्सने कागद पुन्हा पाहिला. एवढे मार्क तिथे कुणाला पडत नसावेत.

४ जानेवारी
हिने विचारलं, पाय इतका छान आहे तर कापायचा कशाला? हिला परीक्षेतलं काही कळत नाही.

१२ जानेवारी
ऑपरेशन पार पडलं. फिजिओने सांगितलेले व्यायाम रोज करायचे. शिस्त म्हणजे शिस्त.

१३ जानेवारी
व्यायाम सोमवारपासून.

२ मे
कोपऱ्यावरच्या न्हाव्यापर्यंत चालत गेलो. उजवा पाय कुरकुरला नाही. खुर्चीत बसल्यावर डोळे भरून आले. साबण गेला म्हणालो. डावा मात्र जीव काढतो. तोही झाला की बागेपर्यंत जायचं, हिला घेऊन.

१० जून
ऑपरेशननंतरची प्रश्नावली. पुन्हा पैकीच्या पैकी. सातत्य महत्त्वाचं.

१७ जून
डॉक्टरांनी स्क्रीन दाखवला. आधी शंभर, नंतर शंभर, फायदा शून्य. हॉस्पिटलची कमिटी डाव्याला मंजुरी देत नाही म्हणाले. मी म्हणालो, फायदा झालाय, न्हाव्याला विचारा, हिला विचारा. ते म्हणाले, यात फक्त पेशंटचंच मत धरतात. रीचेकिंग मागितलं. तशी सोय नाही. परत येताना हिने रिक्षात चढायला हात दिला.

१८ जून, सकाळ
नर्सने दया येऊन डाव्या पायाची कोरी प्रश्नावली दिलीय. या खेपेला खरं लिहा म्हणाली. मी काय खोटं लिहितो? मोज्यांचा प्रश्न आला. हात सवयीने चालला. अजिबात नाही.
हिने मागून वाचलं. डावा मोजा माझ्या मांडीवर ठेवला आणि बहिणीकडे निघून गेली.

१८ जून, दुपार
उत्तर खोडावं का? पण खोडाखोडीचे मी स्वतः मार्क कापत असे.
मोजा अजून मांडीवरच आहे.