घंटी ओळ संपण्याआधी वाजते

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कागदावरच मानून घे. गुडघ्यामुळे प्रत्यक्षात मी हल्ली अर्ध्यावरच थांबतो.) तुझा रक्तदाब, तुझा डावा कान आणि सूनबाईंनी बंद केलेली साखर यांची खुशाली कळव. मागच्या तीन पत्रांना तू उत्तर दिलं नाहीस, तेव्हा या चौथ्यात मी रागावणार होतो. पण तेवढ्यात माझी चारचौघांत नाचक्की झाली, आणि ती सांगायला तुझ्याशिवाय मला माणूस नाही.

तू मुलाकडे दोन महिन्यांसाठी म्हणून गेलास, त्याला आता तिसरं वर्ष लागलं. दुकानात महिन्याला एखाद-दुसरा टाइपरायटर येतो, तोही बहुधा कुणाच्या तरी वारलेल्या काकांचा. तेव्हा दुपारी मी वाचनालयात जाऊन बसतो. तिथल्या ग्रंथपाल बाईंनी मला संगणकावर एक ज्ञानकोश दाखवला. तो म्हणे कुणीही लिहावा, कुणीही दुरुस्त करावा. मी विचारलं, परीक्षा, शिफारस, ओळखीचा माणूस? काही नाही म्हणाल्या, नुसतं खातं उघडायचं. (अशा कारभाराचा काय भरवसा, असं मला वाटलं. हे मत मी पुढे दोनदा बदललं.) नवख्यांना सरावासाठी धूळपाटी नावाचं कोरं पान देतात, तिथे हवा तो गोंधळ घालावा, कुणी हूं की चूं करत नाही. मी तिथे आपल्या दुकानाची पाटी लिहून पाहिली. आधी तुझं नाव, मग माझं.

मग टाइपरायटरवरचा लेख उघडला आणि माझे हात शिवशिवायला लागले. ओळ संपली की घंटी वाजते, असं धडधडीत लिहिलेलं. ओळ संपल्यावर वाजून उपयोग काय? ती पाच-सहा अक्षरं आधी वाजते, म्हणजे टाइप करणारा सावध होतो आणि शब्द तोडायचा की पुरा करायचा ते ठरवतो. हे तू मला शिकवलंस तेव्हा मला मिसरूडही फुटली नव्हती. मी ते वाक्य दुरुस्त केलं, मग रोलरचं केलं, मग कॅरेज ओढणाऱ्या पट्ट्याचं, आणि आपल्या दुकानाच्या शिस्तीप्रमाणे प्रत्येक दुरुस्तीखाली नाव नि तारीख टाकली. (यंत्र नीट केलं की झाकणाच्या आत नाव-तारीख कोरायची, म्हणजे पुढच्याला कळतं कुणाला धरायचं. शिस्त तुझीच.) एकूण अकरा ठिकाणी 'दुरुस्ती: धाकटे मिस्त्री'. घरी गेलो तो छाती फुगवून.

दुसऱ्या दिवशी अकराही सह्या गायब. घंटीच्या वाक्यापुढे बारीक अक्षरांत 'संदर्भ हवा'. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हे करणाऱ्याने स्वतःचं नाव 'शांत कासव' असं ठेवलं होतं, त्याने आणखीच. लेखाला एक चर्चापान असतं, तिथे मी त्या कासवाला चांगलं धारेवर धरलं. लिहिलं की संदर्भ मी स्वतः, चाळीस वर्षांच्या अनुभवाचा, आणि तुमच्या वयापेक्षा माझा स्क्रूड्रायव्हर जुना असेल. (ग्रंथपाल बाई मागे उभ्या राहून वाचत होत्या. त्यांनी फक्त चष्मा पुसला.)

कासवाचं उत्तर आलं ते इतकं सौम्य, की माझी मलाच लाज वाटली. आधी माझं स्वागत केलं. नवे लोक चुकतातच, त्यांनी बेधडक लिहावं, इथे काही कायमचं मोडत नाही, असं लिहिलं. सही चर्चापानावर करावी, लेखात नको, कारण प्रत्येक लेखामागे इतिहासाचं पान असतं आणि कुणी कधी काय बदललं ते तिथे आपोआप नोंदलं जातं. म्हणजे दादा, यांचीही सही झाकणाच्या आतच असते. आणि शेवटी लिहिलं, "तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण वाचणाऱ्याला तुम्ही भेटणार नाही, त्याला छापील पान लागतं." चाळीस वर्षं माझा संदर्भ तू होतास. गिऱ्हाइकाने शंका काढली की मी नुसतं समोरच्या टेबलाकडे बघायचो, आणि तू मान न उचलता हुंकार द्यायचास.

मग मी ते इतिहासाचं पान उघडलं. जुन्या कुठल्याही तारखेवर जावं, लेख तेव्हा जसा होता तसा समोर येतो. नको असलेला बदल उलटवताही येतो. मला एकदम तुझी फार आठवण आली. तू गेलास त्याच्या आदल्या दिवशीचं दुकान मला तसं परत हवं आहे. त्या दिवशी आपण रिबनच्या डबीवरून भांडलो होतो, ते भांडणही चालेल. तुझ्या टेबलावर मी अजून काही ठेवत नाही. (परवा छत्री ठेवली होती. लगेच उचलली.)

असो, कामाचं बोलतो. कंपनीची ती दुरुस्तीची पुस्तिका तू जाताना नेलीस. (हाताला यंत्र नसताना ती कशाला, हे मी तेव्हा विचारलं नाही, आताही विचारत नाही.) तिच्यात घंटीची माहिती आहे. तेवढा पान क्रमांक कळव, म्हणजे मला कासवाला तोंड दाखवता येईल. सूनबाईंना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. क्रमांक पत्राने कळवू नकोस. तुझा एक आणि तुझा नऊ मला कधीच वेगळे वाचता आले नाहीत. पुस्तिकाच घेऊन ये.

आणखी एक ता. क. खरं सांगून टाकतो. त्याच पुस्तिकेची एक प्रत ग्रंथपाल बाईंनी कपाटातून काढून दिली. संदर्भ मी मंगळवारीच जोडला, कासवाने आभारही मानले. मला आता पुस्तिका नको आहे. तुझ्या मुलाला मात्र हे बोलू नकोस. त्याला एवढंच सांग, की धाकट्याचं माझ्यावाचून अडलंय.