फुकट म्हणणार नाही

सोमवार, दि. ९
दुपार

प्रिय दादास,

प्रभूच्या नावाने सलाम. ताईला सलाम, भाच्याला पापा. माझा खोकला गेला. तुझं पत्र पोहोचलं. अक्षर आता सरळ येऊ लागलंय. मागच्या वेळी ओळी उतरणीला लागल्या होत्या. रागावू नकोस, मला आधी अक्षर दिसतं आणि मग मजकूर. हे पत्र मी कच्चं लिहून मग उतरवतो आहे, म्हणून खाडाखोड सापडणार नाही.

लाँड्रीत वाफेचा पाइप पुन्हा गळतो. गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्या आज सकाळपर्यंत मीच लिहिल्या, आणि सगळे मला अजून ‘कानामात्रा’च म्हणतात. सातवीपर्यंतच्या शिक्षणाला एवढा मान पुरे.

चर्चमध्ये मात्र माझ्यावरून गडबड झाली. बाप्तिस्म्याच्या वर्गात आम्ही सहाजण आहोत. काल उपासनेत पाळकसाहेब आम्हाला सगळ्यांसमोर म्हणाले, “तारण फुकट आहे, लेकरांनो. हात पुढे करा आणि घ्या.”

तुला माहीत आहे, चारचौघांत मला वेळ विचारायचीही भीती वाटते. तरी मी उभा राहिलो.

“फुकट नाही,” मी म्हणालो.

“मग काय, तू विकत घेणार?” पाळकसाहेब हसले. मागच्या बाकांवर खसखस पिकली.

“किंमत मी नाही मोजली, साहेब. ज्यानं दिलं त्यानं मोजली. हातापायांत खिळे ठोकून घेतले. फुकट वाटतात ती जाहिरातीची कॅलेंडरं.”

“अरे, बस की खाली!” हे पुढच्या बाकावरच्या काकू.

नंतर पाळकसाहेबांनी खोलीत बोलावलं. माणूस वाईट नाही, चहा दिला. म्हणाले, “तुझं म्हणणं चूक नाही, पण भर उपासनेत उलट बोललास. येत्या रविवारी सर्वांची माफी माग आणि मग पाण्यात उतर. नाहीतर पुढच्या वर्षी बघू.” मग म्हणाले, “एक सांग. तू नक्की कुणाबद्दल बोलत होतास?”

माझं लक्ष भलतीकडेच गेलं. त्यांच्या मागे कपाटावर घडी घालून ठेवलेला पांढरा कपडा होता, प्रभुभोजनाच्या टेबलावर घालतात तो. आपल्याच लाँड्रीत धुतलेला. दादा, तो तोच होता.

त्या दिवसाबद्दल तीन वर्षांत मी तुला एक शब्द लिहिला नाही. आज लिहितो.

चादरींच्या इस्त्रीच्या यंत्रात गरम रुळांपुढे, बोटं आत जाऊ नयेत म्हणून, जाळी असते. जाळीला धक्का लागला की रूळ थांबतात, आणि थांबले की कापडावर पिवळा पट्टा उमटतो. चर्चच्या कपड्यावर पट्टा नको म्हणून मी जाळी तारेनं वर बांधून टाकली. कुणी सांगितलं नव्हतं. मग काठाला एक चुणी दिसली, एवढीशी. ती सरळ करायला मी बोटं पुढे नेली. तू ओरडलास, मला मागे फेकलंस, आणि तुझा उजवा हात आत गेला.

तो कपडा नंतर मी चार वेळा धुतला. डाग निघाला. म्हणूनच तो अजून टेबलावर अंथरतात आणि कुणाला काही कळत नाही.

शुद्धीवर आल्यावर तू मालकांना पहिलं वाक्य बोललास, “जाळी मी बांधली.” तुझा हात गेला, वर नोकरी गेली, आणि तुझ्या जागेवर त्यांनी मला उभं केलं. मी उभा राहिलो.

बाप्तिस्म्याआधी काय काय कबूल करावं, असं मी तुला विचारलं होतं. तू लिहिलंस, “त्या दिवसाचं कुणाला सांगू नकोस, नाहीतर माझा हात वाया गेला.” आजवर मी तुझं सगळं ऐकलं. हे ऐकलं नाही. आज सकाळी मालकांना सांगितलं.

“तीन वर्षांनी आठवलं होय रे?”

“विसरलोच नव्हतो, मालक.”

“मग माझ्याकडून काय हवंय? शाबासकी?”

“अपघाताच्या वहीत दादाच्या नावापुढे ‘निष्काळजीपणा’ लिहिलंय. तिथं माझं नाव पाहिजे.”

त्यांनी वही माझ्यापुढे टाकली. “लिही तूच, कानामात्रा. तुझं अक्षर चांगलं आहे. आणि लिहून झालं की किल्ली ठेव आणि घरी जा.”

एकही चूक केली नाही. किल्ली ठेवली.

आता तू म्हणशील, घालवलंस सगळं. नाही घालवलं. तू मला दोन गोष्टी दिल्यास. हात दिलास, तो मी घेतला. तो परत करता येत नाही, आणि फेडल्याचा आवही मी आणणार नाही. पण वरून एक खोटंही दिलंस. ते तेवढं परत घे, मला पेलत नाही. प्रभू मेलेल्यांतून उठला तेव्हा त्याला व्रण पुसता आले नसते का? त्यानं ठेवले. मित्रांना बोलावून दाखवले. आणि ताईच्या दारात साधा पोस्टमन आला तरी तू बाही खिशात खोचतोस.

रविवारी मी माफी मागणार नाही. उभा राहून तेच बोलेन, आणि कुणाबद्दल बोलतो तेही सांगेन.  इथं पाण्यात उतरणाऱ्याला त्याच्या माणसानं हात धरून न्यायचं असतं. वर्गातल्या पाचजणांनी आपापल्या माणसांची नावं दिली. माझ्या नावापुढची जागा मी रिकामी ठेवली आहे. पाळकसाहेबांनी नाहीच उतरवलं तर आपण दोघं बाकावर बसू. पुढच्या, काकूंच्या शेजारी.

शनिवारी ये. बाही वर दुमडून ये.

ज्याचे दोन्ही हात शाबूत आहेत, आणि ते का आहेत हे ज्याला ठाऊक आहे,
तो तुझा धाकटा